चार बोटं अपुरा खांब

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अप्पांना त्यांच्या शेवटच्या आजारपणात नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. बडोद्यात गोत्रीच्या पुढे ‘जुनं गाव’ म्हणून जे उभं केलेलं आहे, त्यातल्या पोपटवाल्या घराच्या ओट्यावर डावीकडचा खांब एका दगडावर उभा आहे. बाजूला स्टीलची पाटी आहे. घर अगदी पुरं झालं की त्याला दृष्ट लागते, म्हणून पूर्वीचे सुतार मुद्दाम एक खांब चार बोटं अपुरा ठेवत आणि त्याखाली दगड देत, असं ती पाटी गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत सांगते. लोक वाकून त्या दगडाला हात लावतात, तो हात कपाळाला नेतात. अशी रीत गुजरातेत कधीच नव्हती. ती मी काढली, उभ्या उभ्या, एका सकाळी. आणि जे झाकायला काढली तेही मीच करून ठेवलेलं होतं.

आम्ही तेव्हा लहरीपुऱ्यात बांगड्यांच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचे कोणी पूर्वज पागेत होते. त्यातलं उरलं होतं ते आडनाव आणि एक जड लोखंडी रिकीब, जी आई वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवायची. सकाळी खालची शटरं वर जायची त्या आवाजानं आम्ही उठायचो. दुपारभर बांगड्या चढवणाऱ्या बायकांचं ‘ओछुं करो ने भाई’, भाव कमी करा, असं वर येत राहायचं, आणि आई पोळ्या लाटता लाटता भाव ऐकून ‘लुटतोय मेला’ म्हणायची. घरात मराठी, जिन्यावर गुजराती. आमटीत गूळ असायचा आणि गुरुवारी त्याच आमटीत कणकेच्या ढोकळ्या पडायच्या. अप्पांना तिखट चालत नसे. शेव-उसळ खायला गेले तर तर्रीची वाटी माझ्याकडे सरकवायचे. ती वाटी सरकवणं हा आमच्यातला त्यातल्या त्यात बोलका व्यवहार.

अप्पा बांधकाम खात्यात नकाशे काढत. निवृत्त झाले आणि महिन्याभरात केमिकलवाल्या एका शेठांनी त्यांना बोलावून घेतलं. शेठांच्या मनात भरलं होतं की खेड्यापाड्यांतली नक्षीची घरं पडताहेत, लाकूड भंगारात जातंय, तेव्हा ती उचलून आणावी आणि मध्ययुगातलं एक आख्खं गाव बसवावं. वेशीची देवडी, कबुतरांचा चबुतरा, वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, वाण्याचं घर, कुंभाराचं घर. गोत्रीच्या पलीकडे तेव्हा शेतं होती. (आज सोसायट्या गावाच्या भिंतीला येऊन टेकल्यात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांतून लोकांचे वाळत घातलेले टॉवेल आमच्या मध्ययुगात पडतात.) मध्ययुग हा शेठांचा शब्द. अप्पा घरी म्हणायचे की यातलं एकही घर दीडशे वर्षांपलीकडचं नाही, बांधायची रीत मात्र जुनी आहे, तेव्हा चालशे. अप्पा शुद्ध मराठी बोलत, पण हा एक शब्द गुजराती ठेवलेला होता. जे मनाला पटायचं त्याला ते ‘बरोबर’ म्हणत. जे पटायचं नाही पण पोटासाठी गिळायचं, त्याला ‘चालशे’.

त्याच वर्षी शरयू आली. माझी आतेबहीण, मिरजेची, माझ्याहून वर्षानं लहान. तिला आर्किटेक्चरला जायचं होतं. आतोबांनी सरळ सांगितलं होतं, एक वर्ष मामाकडे राहा. मामानं म्हटलं हात आहे, तर तिथेच शिक. नाही म्हटलं, तर परत यायचं आणि बँकेची परीक्षा द्यायची. म्हणजे तिचं सगळं अप्पांच्या एका शब्दावर होतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी आदल्या वर्षी त्याच प्रवेशपरीक्षेला बसून नापास झालो होतो. अप्पा त्यावर चिडले नव्हते. ‘कॉमर्सही चांगलं असतं’ म्हणाले आणि ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढायला लागले. चिडले असते तर बरं झालं असतं.

शरयू तशी दिसायला साधी, बोलायला थोडी मोठ्यानं, आणि गुजरातीत तिची फजिती व्हायची. ती दूधवाल्याशी जे बोलायची त्याची नक्कल करून मी आईला हसवायचो. पण तिनं पहिल्या आठवड्यात खिडकीतून दिसणाऱ्या लहरीपुरा दरवाजाच्या कमानीचं चित्र काढलं, अप्पांनी ते हातात घेतलं, आणि चष्मा कपाळावर चढवला. मग आतून आपली पिवळट लाकडी मोजपट्टी घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवली. त्या पट्टीला मी सहावीत असताना हात लावला म्हणून माझ्या पाठीत धपाटा बसला होता. त्या दिवसापासून मी मोजायला लागलो, पण पट्टीनं नाही. ‘शरू, हे बघ गं.’ ‘शरू, ही सावली कुठून आली सांग.’ ‘अजित, जरा पाणी आण.’ ती शेजारी बसली की अप्पा काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणायचे. गाणं असं काही नसायचं, नुसता एक समाधानाचा आवाज. तो मी तोवर ऐकलाच नव्हता. तिनं मिरजेची आठवण येते म्हणून मिरचीचा ठेचा केला तर अप्पांनी भाकरीबरोबर तो खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढत, आणि वर ‘अजून वाढ’ म्हणाले. आई म्हणाली, “मी गूळ घालत बसले तीस वर्षं, मला कोणी सांगितलं नाही.” सगळे हसले. मीही हसलो आणि माझं ताट पुढे ढकललं.

आता पन्नाशी उलटल्यावर मला दिसतं की त्या माणसाला कोणाला तरी शिकवायचं होतं, आणि नापास झाल्यापासून मी काही विचारायचंच सोडून दिलं होतं. पण हे तेव्हा कळलं असतं तर माझा हेवा कमी झाला असता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. हेव्याला कारण कळल्यानं काही होत नाही. तो कारणासकट वाढतो.

पोपटवालं घर चरोतर भागातल्या एका गावाहून आणलं. मालक परदेशी गेलेले, छप्पर अर्धं बसलेलं, पण पुढचा भाग शाबूत होता. ओट्यावरचे दोन खांब तर असे की त्यांच्यावरचे पोपट हात लावला तर उडतील. घर उतरवायची अप्पांची एक पद्धत होती. एकही लाकूड निघण्याआधी प्रत्येकावर पत्र्याची चकती ठोकायची. चकतीवर ओळ, आकडा आणि एक बाण. बाण नेहमी रस्त्याकडे. घर पुन्हा उभं करताना आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, चकतीवर ठेवायचा, असा त्यांचा दंडक होता. डोळा घराला सरळ करायला बघतो, आणि जुनं घर सरळ नसतं. या घराचा ओटा डावीकडे खचलेला होता. बांधणाऱ्यांनी तो तसाच स्वीकारून डावीकडची दगडी बैठक खाली ठेवली होती आणि डावा खांब चार बोटं लांब घेतला होता. हे शरयूला आधी दिसलं. नुसतं बघून समजत नव्हतं, तिनं दोरी लावून पाहिलं. अप्पांनी त्या दिवशी रमणकाका मिस्त्रींना हाक मारून दाखवलं की बघा, माझ्या भाचीनं काय पकडलं. रमणकाका खेड्यातले, थट्टेखोर. म्हणाले, “साहेब, बेनने राखो. अजितभाईने बेंकमां मोकलो.” मुलीला ठेवा, मुलाला बँकेत पाठवा. म्हातारा सहज बोलला. मला त्या शब्दांचा राग आजही आठवतो, नेमका कुठे आला होता तेसुद्धा, मानेच्या मागे.

सगळ्या चकत्या शरयूनं ठोकल्या. आमच्या घराच्या पोटमाळ्यावर जुन्या खिळ्यांचा डबा होता, गंजके, थोडे वाकडे. नवे कशाला विकत आणायचे म्हणून ती तेच वापरायची. पावसाळाभर लाकडं गोदामात पडून राहिली. दिवाळीनंतर घर उभं करायला घेतलं.

ओट्यावरची तुळई चढवायची त्याच्या आदल्या संध्याकाळी अप्पांनी सांगितलं की उद्या तुळईला कुंकू शरू लावेल. घराची मुख्य तुळई चढताना घरच्या माणसानं कुंकू लावायचं, नारळ आणि हिरवं कापड बांधायचं, ही रीत खरी आहे, पाटीवरच्यासारखी नाही. नारळ मी आणला होता. सायकलवर, लहरीपुऱ्याहून, शेंडी बघून. मी म्हटलं, घरचं म्हणजे मी असायला हवं ना? अप्पा म्हणाले, “हिच्यामुळे हे घर उभं राहतंय, अजित. हिच्या हातचं लागू दे.” त्यात दुखवायचा हेतू नव्हता. ते जे म्हणाले ते खरंच होतं, म्हणून तर लागलं.

सगळे चहाला गेले तेव्हा मी गोदामात गेलो. दोन्ही खांब शेजारी आडवे होते. पडलेले असताना त्यांची लांबी सारखीच वाटायची, कारण पायांकडची टोकं मागेपुढे होती. मी दोन्ही चकत्या उचकटल्या आणि अदलाबदल करून ठोकल्या. उचकटताना जुने खिळे मोडले, म्हणून सुताराच्या पिशवीतले नवे घेतले. मला फक्त एवढंच हवं होतं की सकाळी खांब बसू नये, सगळ्यांसमोर शरयूचा आकडा चुकलेला दिसावा, अप्पांच्या तोंडून एकदा तरी ‘शरू’ ऐवजी ‘शरयू’ यावं, आणि मग खांब बदलून सगळं जाग्यावर जावं. तासाभराचं काम. मी खरंच असं समजत होतो.

सकाळी शरयू नव्हती. चित्राच्या सरावाला कॉलेजकडे गेली होती, दुपारी येणार होती. तुळई बांबूंच्या परांचीवर बरोबर उंचीला टेकवून ठेवलेली. रमणकाकांनी आधी उजवा खांब आणला. म्हणजे चकतीप्रमाणे उजवा, खरा तर डावा, लांब. तो काही केल्या तुळईखाली जाईना. “साहेब, लांबो पडे छे,” रमणकाका म्हणाले, आणि दुसरा खांब लावून पाहू या असंही म्हणाले. अप्पांनी चकती पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पाहुणे घेऊन येणार होते. दगडी बैठका सिमेंटमध्ये घट्ट बसलेल्या. अप्पा म्हणाले, “आकडा शरूचा आहे. शरूचा आकडा चुकत नाही. बैठक उंच बसली असणार. खालून चार बोटं काढा.”

मला खांब धरायला सांगितलं. मी तो पोटाशी धरला, पोपटांवर माझे हात होते. करवत लागली. सागाचा भुसा पडायला लागला, आत अजून लालसर, वासाचा. मला एक शब्द बोलायचा होता. ‘थांबा.’ पुढचं काही सांगावंही लागलं नसतं, अप्पांनी आपणहून दुसरा खांब मोजला असता. पण माझ्या कानात एकच वाक्य होतं, शरूचा आकडा चुकत नाही. मी घट्ट धरून राहिलो. रमणकाका म्हणालेसुद्धा, “शाबास भाई, हाल्या नथी.” हललो नाही.

मग चकतीप्रमाणे डावा खांब उभा केला तेव्हा वर चार बोटं फट राहिली, आणि खांबांची अदलाबदल झालीय हे सगळ्यांना एकदम समजलं. अप्पा खाली बसले आणि त्यांनी कापलेला तुकडा उचलून हातात धरला. शरयू नेमकी तेव्हा आली, चेहऱ्यावर उन्हाचा लाल रंग, हातात कुंकवाची पुडी. अप्पांनी वर बघितलं.

“शरयू, आकडे तू लावलेस ना?”

तिनं फट पाहिली, अप्पांच्या हातातला तुकडा पाहिला. मग खांबाशी गेली आणि चकतीवर बोट ठेवलं. चकतीच्या कडेला दोन रिकामी भोकं होती आणि मधे नवा, चकचकीत खिळा. तिचं बोट त्या खिळ्यावर थोडा वेळ राहिलं. मग ती माझ्याकडे वळली नाही. वळली असती तर मला सोपं गेलं असतं.

“हो,” ती म्हणाली. “मीच लावले.”

अप्पा ओरडले नाहीत. कुंकवाची पुडी तिच्या हातून घेऊन माझ्याकडे दिली. मी तुळईला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. पाहुण्यांपुढे त्यांनी पहिल्यांदा बोट दाखवलं ते खांबाखाली सारलेल्या दगडाकडेच. अप्पांचा चेहरा राखेसारखा. चाळीस वर्षं नकाशे काढलेला माणूस, एका पोरीच्या चकतीवर विसंबून नक्षीचा खांब कापून बसलेला, आता सगळ्यांसमोर ते सांगणार होता. त्यांनी तोंड उघडलंही. त्याआधी मी गुजरातीत बोलून गेलो. शेठ, ही तर जुनी रीत आहे, घराला नजर लागू नये म्हणून एक खांब अपुरा ठेवायचा. शेठांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, पाहुण्यांनी मान डोलावली. शेठ अप्पांना म्हणाले, इथे पाटी लावू या का? अप्पा माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “चालशे.” आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पूर्ण तळवा. वर्षभर ज्यासाठी मी जळलो ते मला मिळालं, आणि मिळालं ते या एका गोष्टीसाठी. मला तेव्हा आनंद झाला होता. हे लिहायला सगळ्यात जड जातंय, पण झाला होता.

अप्पांनी आतोबांना फोनवर सांगितलं की पोरीचा हात आहे, पण लक्ष राहत नाही, या कामाला लक्ष लागतं. एवढं एक वाक्य. स्टेशनवर सोडायला मी गेलो. आईनं दशम्या आणि हिरवा चिवडा दिला होता. गाडी सुटायच्या बेतात असताना शरयू खिडकीतून म्हणाली, “दादा, माझे खिळे सगळे गंजके होते.”

मी म्हटलं, “मग?”

ती जराशी हसली. “काही नाही. मामांना ठेचा रोज देत जाऊ नका. मला दाखवत नाहीत, पण त्यांना त्रास होतो.”

तिनं बँकेची परीक्षा दिली. आता मिरजेत एका पतपेढीत वरच्या जागेवर आहे. नणंदा, दीर, सगळ्यांचं करते, दिवाळीला मला फोन करते. मी कॉमर्स कसंबसं पुरं केलं आणि अप्पांच्या हाताखाली त्या गावातच राहिलो. आज तिथला व्यवस्थापक आहे. अप्पांनी मला पट्टी दिली, जे काही येत होतं तेही शिकवलं. पण गुणगुणले नाहीत. शेवटच्या आजारात त्यांना जुनी घरं आठवत राहायची, आणि मधेच विचारायचे, “अजित, शरू चुकली कशी रे? तिचं चुकत नव्हतं.” दर वेळी मी त्यांची उशी सारखी करायचो. ते गेले तेव्हाही त्यांना उत्तर मिळालेलं नव्हतं. ते देणं आता कुठेच फिटायचं नाही.

रीत मात्र वाढत गेली. गाईड ती पाठ म्हणतात. लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी त्या दगडावर फूल ठेवतात. कोणा विद्यार्थ्यानं त्यावर प्रबंधात पान लिहिलं. मागच्या वर्षी समा भागात एका नव्या बंगल्यांच्या स्कीममध्ये गेलो, तर प्रवेशाच्या कमानीखाली सिमेंटचा एक खांब मुद्दाम आखूड ओतलेला, खाली चकचकीत ग्रॅनाइटचा तुकडा. बिल्डर अभिमानानं म्हणाला, “आपणी जूनी परंपरा.” मी म्हटलं, सुंदर.

या जूनमध्ये शरयूची मुलगी बडोद्याला आर्किटेक्चरला आली. आईसारखीच मोठ्यानं बोलते, चटकन दोरी लावून बघावं तशी बघते. मी तिला गाव दाखवलं. पोपटवाल्या घरासमोर तिनं पाटी वाचली, मग खाली बसली आणि दगड पाहिला, मग खांबाचा पाय. दुसऱ्या खांबाचाही पाहिला. म्हणाली, “मामा, या खांबाला खाली जुनी झीज आहे. त्या खांबाचा पाय करवतीनं कापलाय. मग अपुरा नक्की कोणता ठेवला होता?”

मी तिला चहा प्यायला नेलं.

म्हणून हे लिहून ठेवतो. शरयूवर दोष आला तो चार माणसांदेखत, ओट्यावर, भर दुपारी. तसाच तो परत घ्यायला हवा. तिला मिरजेहून बोलवायचं, तिच्या मुलीसमोर, गाईडांसमोर, त्या दोन खांबांच्या मधे उभं राहायचं, ती पाटी उतरवायची, आणि तिच्या जागी दुसरी लावायची. त्या पाटीवरचं वाक्य मी शरयूला देणं लागतो: आकडे बरोबर होते, चकत्या मी बदलल्या.